पंच्याऐंशीची शेवटची बाटली

रेजिस पेदारेला लाज फार. आमच्या कास्तेरा गावात लाज वाटावी असं तसं काही नाही. चढावर द्राक्षांच्या ओळी, खाली चिखल, अंगणोअंगणी बदकं, आणि हवा निवळली की दक्षिणेला पिरेनीजच्या डोंगरांवरचा बर्फ. सगळी घरं सारखीच, सगळ्यांच्या बुटांना तोच चिखल. पण रेजिसला त्यातही लाजायला काहीतरी सापडायचंच. पाहुण्यासमोर बदक ओरडलं तरी हा कानापर्यंत लाल. त्याची बायको ओदील शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, जिभेनं तिखट. ती म्हणायची, "याला आरशासमोर उभा केला तर हा आरशाची माफी मागेल."

या लाजेचं मूळ बोर्दोमध्ये होतं. अठराव्या वर्षी बापानं त्याला वाइनचं शिक्षण घ्यायला तिकडे धाडलं. पहिल्याच आठवड्यात खानावळीत सूप आलं. रेजिसनं ते खाल्लं आणि तळाशी दोन चमचे रस्सा उरला तेव्हा जगमधली तांबडी वाइन त्यात ओतली, वाडगं गोल फिरवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावून पिऊन टाकलं. आमच्याकडे याला शाब्रो म्हणतात. बाप करतो, पाद्री करतो, शाळामास्तर करतो. त्यात काही विशेष आहे हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. मान वर केली तर अख्खं टेबल गप्प, आणि मग जे हसले ते दोन वर्षं हसतच राहिले. त्याचं नावच 'सूप' पडलं. एका मास्तरानं भर वर्गात "सूप, तू सांग" म्हटलं, आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर स्वतःच हसत सुटला.

अभ्यासात मात्र पोरगा तरबेज निघाला. नाक उत्तम, जीभ त्याहून. कोणती वाइन कोणत्या लाकडाच्या पिंपात मुरली ते वासावरून सांगायचा. शिकून परत आला तो विद्या घेऊन आला आणि ती लाजही घेऊन आला. घरी त्यानं पुन्हा कधी शाब्रो केला नाही. बापानं वाडगं उचललं की हा खिडकीबाहेर बघायचा.

बाप आन्सेल्म. या गोष्टीच्या वेळी अठ्ठ्याहत्तरचा, बुटका, रुंद, डोक्यावर बेरे टोपी, पांढऱ्या झुबकेदार मिश्या. चर्चमागचा दगडगोट्यांचा मळा त्यानं आयुष्यभर कसला. त्या मळ्यात आमची तान्ना द्राक्षं होतात, काळी, जाड सालीची. त्यांची कोवळी वाइन घोटभर घेतली तर गाल आतल्या आत दातांना चिकटतात, इतकी तुरट. पण मुरली की ती काय होते ते ज्यानं चाखलंय त्यालाच माहीत. आन्सेल्मला वाइनमधलं फार कळायचं अशातला भाग नाही. उगाच म्हाताऱ्याला देव्हाऱ्यात बसवायला नको. त्याला घाईचा कंटाळा होता, एवढंच. कुणी काही विचारलं की "मुरू दे" म्हणायचा आणि झोपायला जायचा. निम्म्या पिंपांचं व्हिनेगर व्हायचं. पण पंच्याऐंशी साली उन्हाळा चांगला तापला, शरद कोरडा गेला, आणि त्याच्या हातून एक वाइन अशी झाली की गावातल्या लग्नांत, बारशांत आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणांत ती लोकांनी आठवणीनं मागून मागून संपवली. एक बाटली तेवढी उरली होती.

पुढे मळा रेजिसकडे आला. त्यानं तळघर लखलखीत केलं, पिंपं बदलली, व्हिनेगर होणं थांबवलं. वाइन चांगली करायचा, यात वाद नाही. पण ती जायची कुठे? गावच्या सहकारी संस्थेत आणि उन्हाळ्यात वाट चुकून आलेल्या पर्यटकांकडे. म्हणून स्ट्रासबुर्गच्या मादाम व्होगेलचा फोन आला तेव्हा रेजिस उभाच राहिला. ही बाई उत्तरेकडच्या बड्या हॉटेलांसाठी खरेदी करते. आज घ्यायची, पंधरा वर्षं तळघरात ठेवायची आणि मग उघडायची, अशाच वाइन ती शोधत हिंडते. तिनं एकदा बोट ठेवलं की बाकीचे आपोआप मागे येतात. पैशाचं तर होतंच, पण रेजिसला दुसरंच हवं होतं. बाहेरच्या, जाणकार माणसानं एकदा म्हणावं की पेदारेची वाइन खरी आहे. वीस वर्षं तो त्या एका वाक्यासाठी खपत होता.

मार्चमधली सकाळ होती, पाऊस रिपरिपत होता. रेजिसनं बदकं खोपटात कोंडली. तळघराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग स्वयंपाकघरात येऊन, बापाकडे न बघता म्हणाला,

"बाबा, आज तुम्ही जरा लवकर जेवून घ्या. वरच्या मळ्यात तारा ओढायच्या राहिल्यात."

"पावसात?"

"थांबेल तो."

"बरं," म्हातारा म्हणाला. तो कमी बोलायचा, पण कमी ऐकायचा असं नाही. कोट चढवून गेला.

मग रेजिसनं पंच्याऐंशीची बाटली आणली. इतकी जुनी वाइन आधी ओतून ठेवावी लागते, म्हणजे तळचा गाळ बाटलीत राहतो आणि वाइनला वारा लागतो. त्यासाठी त्यानं बोर्दोहून स्फटिकाचं एक नाजूक भांडं आणलं होतं. ते धुताना हातातून निसटलं आणि नळावर आपटून काठाशी फुटलं. आता काय करणार? रोजच्या वाइनचा काचेचा जग होता, तो घासूनपुसून घेतला आणि त्यात ओतली. जग टेबलावर ठेवला.

मादाम व्होगेल आली ती रेजिसच्या कल्पनेपेक्षा साधी निघाली. पन्नाशीची, आखूड केस, पायात रबरी बूट. बडेजाव नाही. तळघरात गेली, काचेच्या नळीनं पिंपातली वाइन पेल्यात सोडली, बोटांनी पेला फिरवला आणि नाक आत घातलं. घोट घेतला, चुळीसारखा तोंडभर खेळवला, वर हवा ओढून घेतली आणि चाखणारे करतात तसा बादलीत थुंकून दिला. खालच्या मळ्यांच्या पिंपांना तिनं "छान" म्हटलं. ज्या गिऱ्हाइकाला घ्यायचं नसतं ते छान म्हणतं, एवढं रेजिसला कळत होतं. मग चर्चमागच्या मळ्याच्या पिंपापाशी ती थांबली. एक घोट, मग दुसरा. दुसऱ्या घोटाला तिनं डोळे मिटले.

"तोंड सगळं आवळून आलं माझं," ती म्हणाली.

रेजिस घाईघाईनं म्हणाला, "कोवळी आहे ना, मादाम. मी पुढच्या वर्षी जरा मऊ..."

"अहो, मऊ कशाला करताय? हा तुरटपणा आहे म्हणून तर ही उभी राहील. बघा, आत फळ आहे, आंबटपणा ताठ आहे, आणि घोट गेल्यावरही चव हटत नाहीये. सध्या मिटून बसलीय एवढंच. बांधा आहे हिला, हाडापेरानं मजबूत आहे. पण..." तिनं पेला उजेडात धरला. "नुसता तुरटपणा म्हणजे आयुष्य नव्हे. काही वाइन म्हाताऱ्या होतात, पण मुरत नाहीत. फळ आधी मरतं आणि तुरटपणा तेवढा मागे राहतो. या मळ्यातली वाइन मुरते का, हे मला एखादी जुनी चाखल्याशिवाय सांगता येणार नाही. आहे का?"

"आहे," रेजिस म्हणाला. सगळं जसं मनात योजलं होतं तसंच चाललं होतं. "वर काढून ठेवलीय. चला, जेवताना बघू."

दोघं वर आली आणि स्वयंपाकघरात आन्सेल्म बसलेला.

ओला कोट चुलीपाशी वाळत टाकलेला, समोर सुपाचं वाडगं, अर्ध्याहून जास्त संपलेलं. "पाऊस थांबला नाही," तो म्हणाला. दुसरी तक्रार नाही, काही नाही.

इथं रेजिसनं म्हणायला हवं होतं, मादाम, हे माझे वडील. चार शब्द. पण म्हाताऱ्याच्या मिश्यांना कोबीचा तुकडा लागला होता, विजारीवर गुडघ्यापर्यंत चिखल होता, आणि ते चार शब्द राहूनच गेले. मग बोलू, असं त्याला वाटलं. मादामनं स्वतःच हात पुढे केला, आन्सेल्म अर्धवट उठला, हात पुसून हातात दिला आणि परत बसला.

"कसला वास हा? कोबी, बदक... मला हेच सूप द्या हं, दुसरं काही नको," मादाम म्हणाली.

ओदीलनं सकाळी आलुबुखार घालून बदक शिजवून ठेवलं होतं, ते राहिलं बाजूला. रेजिस वाडगी काढायला कपाटाकडे वळला. पाठीमागे त्याला आवाज आला. जगमधून वाइन ओतल्याचा, चांगला घसघशीत ओतल्याचा आवाज.

तो गर्रकन वळला. बापानं रोजच्या जागेवरचा रोजचा जग उचलला होता आणि रोजच्यासारखा उरलेल्या रश्श्यात ओतला होता. पंच्याऐंशीची वाइन बदकाच्या चरबीत गोल गोल फिरत होती. आन्सेल्मनं दोन्ही हातांनी वाडगं उचललं, मान मागे टाकली आणि घटाघटा प्यायला. वाडगं खाली आलं. त्यानं जीभ टाळूला लावली. कपाळावर आठी पडली.

"अरेच्चा! रेजिस, ही तर..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत रेजिस बोलला. कसा बोलला, कुठून बोलला, त्याचं त्यालाही कळलं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्या क्षणी त्याच्या कानात बोर्दोची खानावळ हसत होती.

"मादाम, मनावर घेऊ नका. आमचा जुना गडी आहे. वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला काय कळतंय!"

आन्सेल्मचा हात वाडग्यावरच राहिला. मिशीवर वाइनचा एक थेंब थांबला होता. बाजारात लांबून कुणी ओळखीचं दिसलं की माणूस डोळे बारीक करून बघतो, तसं त्यानं आपल्या पोराकडे बघितलं. मग थेंब पुसला.

"माफ करा, मालक," तो म्हणाला. "माझ्या लक्षात आलं नाही."

मालक! रेजिसला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. हसून म्हणता आलं असतं, अहो थट्टा करतोय, बाप आहे माझा. पण लाजेची गंमत अशी की एकदा तिच्यापायी खोटं बोललं की त्या खोट्याचीच लाज वाटू लागते, आणि माणूस आणखी आत शिरतो. रेजिस वाडगी मांडू लागला.

मादाम व्होगेलनं मात्र खुर्ची पुढे ओढली. "यात मनावर काय घ्यायचंय? मला तर हे करून बघायचंय. कसं करतात हो, आजोबा? दाखवा की."

"सोपं आहे, बाई," आन्सेल्म म्हणाला. "आधी सूप संपवा. पण दोन चमचे रस्सा राहू द्या तळाला. कोरड्या वाडग्यात मजा नाही. आणि थांबा, मालकांची भारी वाइन आता नको. रोजची आणतो."

तो तळघरात जाऊन रोजची घेऊन आला. बाईनं सूप खाल्लं, वाइन ओतली, वाडगं फिरवलं आणि प्यायली. थोडी हनुवटीवर सांडली. ती खदाखदा हसली. "काय हो हे! इतकी वर्षं थंडीत कुडकुडले मी, मला कुणी हे शिकवलं कसं नाही?"

रेजिस बघत राहिला. ज्या हसण्याच्या भीतीनं त्यानं बापाला नाकारलं होतं, ते हसणं कुणी हसलंच नव्हतं. त्याच्या बापाशेजारी बसून बाई पाव मोडत होती आणि दोघांचं बदकांविषयी बोलणं चाललं होतं. ही गोष्ट त्याला त्या दिवशी सगळ्यांत जास्त झोंबली. कुणी मागितलं नसताना त्यानं बाप विकला होता.

मग पंच्याऐंशी. रेजिसनं साल सांगितलं. जगमध्ये दोन-तीन पेले उरले होते. मादामनं स्वच्छ पेला घेतला आणि तिचा चेहरा एकदम कामाचा झाला. पेला पांढऱ्या रुमालावर तिरका धरला. काठाशी विटेचा रंग उतरला होता, मध्ये अजून गडद होती. नाक लावलं. वाळवलेला आलुबुखार, तंबाखू, जुन्या कपाटाचं लाकूड, एकेक नाव ती स्वतःशीच पुटपुटत होती. घोट घेतला. थुंकायला बादली होती, पण थुंकली नाही. गिळला.

"चोवीस वर्षं," ती हळूच म्हणाली. "आणि फळ आहे अजून आत. तुरटपणा गेलेला नाही, पण आता बोचत नाही, मुरलाय. घोट गेला तरी ही जात नाहीये, बघा. अजून दहा वर्षं सहज काढली असती हिनं." तिनं पेला ठेवला. "कुणी केली ही?"

"माझ्या वडिलांनी," रेजिस म्हणाला.

"भेटता येईल त्यांना?"

आन्सेल्म तेव्हा मोरीपाशी पाठमोरा उभा राहून वाडगी विसळत होता. रेजिसनं तोंड उघडलं. बाई वाट बघत होती. नळाचा आवाज थांबला.

"गेले ते, बाई," आन्सेल्म मागे न वळता म्हणाला.

"अरे... कधी?"

"फार वेळ नाही झाला."

मादामनं रेजिसच्या हातावर हात ठेवला. त्यानं मान खाली घातली. तिला ते दुःख वाटलं. एका अर्थी ते होतंही.

"तुम्ही तर त्यांना जवळून बघितलं असेल," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "कसे होते?"

आन्सेल्म फडक्यानं वाडगं पुसत वळला. "हट्टी," तो म्हणाला. "फार शहाणे नव्हते. निम्म्या वाइनचं व्हिनेगर करायचे. पण पोरावर जीव होता. बोर्दोला शिकायला ठेवला होता त्याला, दोन वर्षं. एकदा भेटायला निघाले होते. नवीन टोपीबिपी घेतली होती. फाटकापर्यंत गेले आणि परत आले."

"का?"

"म्हणाले, पोराला लाज वाटेल."

रेजिसला हे माहीत नव्हतं. त्याच्या हातातला पाव कापायचा सुरा खाली पडला. तो उचलायच्या निमित्तानं तो खाली वाकला आणि लवकर वर आला नाही.

व्यवहार तिथंच झाला. चर्चमागच्या मळ्याची सगळी पिंपं मादामनं घेतली, पुढच्या वर्षीचीही तिच्यासाठी राखून ठेवायला सांगितली. आणि निघताना दारात ते वाक्यही म्हणाली. "पेदारे, तुमची वाइन खरी आहे. तुमच्या वडिलांचा हात उतरलाय तुमच्यात." वीस वर्षं वाट पाहिलेलं वाक्य. रेजिसच्या तोंडाला राखेची चव आली.

बाहेर पाऊस होताच. नमुन्याच्या बाटल्यांची पेटी आन्सेल्मनं खांद्यावर घेतली. रेजिस धावला, "द्या इकडे," पण म्हाताऱ्यानं दिली नाही. "राहू द्या, मालक, माझं कामच आहे हे." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चिखलातून पेटी नेऊन त्यानं मोटारीत ठेवली. मादामनं पर्स उघडली आणि एक नोट काढून त्याच्या तळहातात दाबली. आन्सेल्मनं टोपीला बोट लावलं आणि नोट खिशात घातली.

ते बघितलं आणि रेजिसचा बांध फुटला.

"मादाम!" तो ओरडलाच. "हे माझे वडील आहेत. हेच. मी मघाशी... हे माझे वडील आहेत, मादाम."

बाई गोंधळली. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

आणि आन्सेल्म हसला. छान, मोकळं हसला. "म्हणतो तो असं, बाई," तो म्हणाला. "थोरले मालक गेल्यापासून मलाच बाप म्हणतो. लहानपणी या खांद्यांवर खेळलाय ना. मन मोठं आहे पोराचं."

रेजिस म्हणाला, "नाही, नाही, मादाम, खरंच..." पण त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यानं म्हाताऱ्याचंच म्हणणं खरं ठरवलं. मादाम व्होगेलचेही डोळे भरले. तिनं रेजिसचा दंड धरला. "आजकाल लोक सख्ख्या बापाला विचारत नाहीत," ती म्हणाली, "आणि तुम्ही आपल्या गड्याला बाप म्हणता. अशी माणसं राहिली नाहीत हो आता." मोटारीत बसली आणि गेली.

बापलेक पावसात उभे राहिले.

"बाबा, असं का केलंत?"

"काय केलं?"

"मी सांगत होतो ना तिला."

"सांगत होतास," आन्सेल्म म्हणाला. तो रागावलेला दिसत नव्हता, दमलेला दिसत होता. "पण एकदा मेलेलो मी, आता अंगणात परत उठून बसलो तर तू खोटारडा ठरतोस आणि मी खुळा. तिनं घेतलेली वाइन पण सोडून दिली असती. राहू दे. आता हे परत उकरायचं नाही. तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे पण नाही." आणि तो बदकं सोडायला गेला. त्या नोटेचा त्यानं बदकांसाठी मका आणला.

संध्याकाळी ओदील घरी आली तेव्हा रेजिसनं तिला सगळं सांगितलं. तिला वाटेल ते बोलता येतं, गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. पण तिनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं, सासऱ्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि दिवा घालवून झोपली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रेजिस म्हणतो.

म्हातारा पुढे नेहमीसारखाच राहिला. मालक वगैरे पुन्हा कधी म्हणाला नाही, थट्टेतही नाही. तारा ओढायचा, छाटणीला यायचा, "मुरू दे" म्हणायचा. एकच गोष्ट बदलली. सूप संपलं की आता तो पावाच्या तुकड्यानं वाडगं पुसून घ्यायचा आणि उठायचा. जगकडे हात जायचा नाही. रेजिस जग त्याच्याजवळ सरकवून ठेवायचा. म्हातारा तो बाजूला सारून मिठाचं भांडं घ्यायचा. मग एका संध्याकाळी रेजिसनंच, बोर्दोनंतर पहिल्यांदा, आपल्या वाडग्यात वाइन ओतली. चांगली ओतली, फिरवली, दोन्ही हातांनी उचलून बापाच्या देखत प्यायला. इतक्या वर्षांनी ती चव तोंडात आली आणि त्याला हुंदका आवरेना. वाडग्याआड तोंड लपवून बसला बराच वेळ.

"रस्सा जास्त ठेवलास," आन्सेल्म म्हणाला. एवढंच. पावानं आपलं वाडगं पुसलं आणि झोपायला गेला.

पुढच्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत म्हातारा गेला. झोपेतच. अख्खं गाव मातीला आलं होतं. पाद्रीबोवांनी सांगितलं की आन्सेल्म पेदारेनं कधी कुणाचं मन दुखवलं नाही. पहिल्या बाकावर बसलेल्या रेजिसनं तेव्हा दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोकांना वाटलं, किती माया पोराची.

पेदारेची वाइन आता नावारूपाला आली आहे. मादाम व्होगेलच्या मागून बाकीचेही आले, पॅरिसचे, ब्रसेल्सचे. जे येतात त्यांना रेजिस सूप वाढतो, शाब्रो करायला शिकवतो, आणि सगळे खूश होतात. गावातलेही त्याला मानतात. तो मात्र मान वर करून फारसा बोलत नाही. लोक म्हणतात, इतका मोठा झाला तरी किती नम्र.

मादामचा फोन दरवर्षी मार्चमध्ये येतो. किती पिंपं, कधी भरायची, पाऊस कसा झाला, एवढं बोलणं झालं की बाई न चुकता शेवटी विचारते, "आणि तो तुमचा म्हातारा गडी? मला शाब्रो शिकवला तो? बरा आहे ना?"

पहिल्या वर्षी तिनं विचारलं तेव्हा मातीला महिनाही झाला नव्हता. रेजिस सांगणार होता. गेला म्हणून सांगितलं असतं तर तिनं नाव विचारलं असतं, चर्चला फुलं पाठवली असती. त्यानं फोन घट्ट धरला. ओदील समोरच बटाटे सोलत होती, तिनं सुरी थांबवली आणि त्याच्याकडे बघितलं.

"बरा आहे," रेजिस म्हणाला. तेव्हापासून दरवर्षी म्हणतो. "थंडीत जरा गुडघे दुखतात त्याचे."